हलणारा कॅमेरा

मी एक कॅमेरा आहे, पण फोटो काढणारा नव्हे. टेबलावर मान खाली घालून उभा राहतो आणि खाली जे ठेवतील ते भिंतीवर मोठं करून दाखवतो. याला तंत्रज्ञान म्हणावं का, ही शंका मला पहिल्यापासून आहे. शाळेत टॅबलेट आले तेव्हा ती वाढली.

जपानमधल्या निइगाताच्या किनाऱ्यावरच्या या शाळेत मी आधी बेडूक आणि शिंपले दाखवले. पुढे मला फक्त कुरोसू सर वापरू लागले. सर कुंचल्याने अक्षरं काढायला शिकवतात. निवृत्तीनंतर त्यांना वर्षावर्षाच्या बोलीवर ठेवलं आहे. त्यांचा उजवा हात थरथरतो आणि मी ती थरथर भिंतभर करतो. तासाला आले की ते हळूच म्हणत, आज जरा सांभाळून घे. मी काय सांभाळणार?

उपमुख्याध्यापिका उबुकाता बाईंनी टॅबलेटवर बोटाने अक्षर गिरवायचा कार्यक्रम आणला. कसंही गिरवा, तो टाळ्या वाजवतो. मुलांनी नाकाने गिरवून पाहिलं, तरी टाळ्या. बाई म्हणाल्या, सहभाग वाढला. कुंचले मात्र कोरडेच.

मग खुला तास ठरला. शेजारच्या शाळांतले शिक्षक वर्गात मागे उभे राहून तास पाहतात, नंतर चर्चा होते. बाईंनी तालीम घेतली, कोणी काय विचारायचं तेही ठरवून दिलं. सरांना बजावलं की कुंचला हातात घ्यायचा नाही, एका नामवंताच्या हाताची चित्रफीत दाखवायची. त्यांची पुढच्या वर्षीची नेमणूक याच तासावर ठरणार होती.

पाहुणे सपाता सावरत ओळीने उभे राहिले. फीत सुरू झाली. अक्षर आमच्या लिपीतलं, 'नदी' या अर्थाचं, नुसत्या तीन उभ्या रेघांचं. हात देखणा, रेघ सुळकन खाली. तेव्हा चिगुसा नावाच्या मुलीने तालमीत नसलेला प्रश्न विचारला.

"सर, शेवटची रेघ थांबवायची कशी? हा बाबा तर भुर्रकन जातो."

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकीकडे. मग सरांनी फीत बंद केली, माझ्याखाली कागद ठेवला आणि कुंचला बुडवला. भिंतीवर रेघ थरथरत उतरली. तळाशी त्यांनी श्वास धरला, कुंचला दाबला. थरथर थांबली. मग अलगद उचलला.

"अस्सं होय," चिगुसा म्हणाली. "श्वास धरायचा. मघाशीच सांगायचं ना, सर."

वर्गभर गाल फुगले आणि कुंचले ओले झाले.

चर्चेला चहा होता. प्रत्येकाने आधी, फार शिकायला मिळालं, असं म्हटलं. मग एक गृहस्थ खाकरले. माणसाच्या हाताबद्दल त्याच्यासमोर बोलायची आमच्याकडे रीत नाही. ते म्हणाले, कॅमेरा जुना असावा, चित्र हलत होतं. सगळ्यांनी सुटल्यासारख्या माना डोलावल्या. बाईंनी माझ्या वतीने माफी मागितली. सरांची नेमणूक झाली आणि मी अडगळीत गेलो, क्रीडादिनाच्या झेंड्यांशेजारी.

तिथे मी विचार करायचो, खरंच हलत असेन का मी? एवढे शिकलेले लोक चुकीचं कशाला बोलतील?

माझ्या जागी आलेला कॅमेरा मोठा हुशार. चित्रातली थरथर स्वतःच पुसून टाकतो. भिंतीवर सरांचा हात गुळगुळीत दिसतो आणि तो कुठे थांबतो ते कुणालाच कळत नाही. मुलांच्या रेघा पुन्हा भुर्रकन जायला लागल्या.

काल सर मला न्यायला आले. मागोमाग बाई आल्या.

"सर, तो नको. तो हलतो."

"तो कधीच हलला नाही, बाई. माझा हात हलतो."

बाई झेंड्यांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मला काही ऐकू आलं नाही. वायर त्या खोक्यात आहे."

आज मी पुन्हा टेबलावर आहे. माझी एवढीच विनंती आहे: माझ्याखाली खरा हात ठेवा, मी तो आहे तसा दाखवीन. याला तंत्रज्ञान म्हणायचं की नाही, ते पाहुणे चहा पिता पिता ठरवतील. मी हललो नव्हतो. निदान सर तरी तसं म्हणाले.