कार्डिनल लेकच्या विमानाची बातमी

शनिवारी सकाळी शहाणी माणसं उशिरापर्यंत झोपतात. आम्ही मात्र सात वाजता कॉफी घेऊन कॉम्प्युटरसमोर बसतो, कारण विमान कंपन्या पुढच्या महिन्यांच्या वेळापत्रकातले बदल शनिवारीच करतात. कुठलं उड्डाण आलं आणि कुठलं गेलं, हे कंपनीने तोंड उघडायच्या आत आम्हाला दिसतं. आम्ही म्हणजे कॅनडाचे विमानतळ आणि विमान कंपन्या यांच्या बातम्या चघळणारी इंटरनेटवरची सातआठशे माणसं. बहुतेक निवृत्त, काही नोकरीत असून निवृत्तासारखी. जो सर्वांत आधी बातमी टाकतो त्याचं नाव वर्षअखेरीच्या यादीत लागतं. बक्षीस शून्य. तरी त्या यादीपायी मी नाश्ता गार होऊ दिला आहे, बायको होती तेव्हा तिच्याशी भांडलोही आहे.

मी एल्डन फ्रीसन. मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर भागात कार्डिनल लेक नावाचं गाव आहे, त्याच्या एकुलत्या एक धावपट्टीवरचा बर्फ मी सत्तावीस वर्षं ओढला. आता कंबर गेली आहे आणि विमानं खिडकीतून बघतो. विमानं कसली, एकच. नॉर्थ प्रेअरी एअरचं सकाळी विनिपेगला जाणारं आणि संध्याकाळी परत येणारं.

त्या विमानावर माझी मोठी बहीण ॲग्नेस जगत होती, असं म्हटलं तरी चालेल. दर तीन आठवड्यांनी विनिपेगला जाऊन कॅन्सरचं इंजेक्शन घ्यायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी यायचं. रस्त्याने साडेआठ तास लागतात, तेही रस्ता उघडा असला तर. इंजेक्शननंतर तिला वीस मिनिटंसुद्धा गाडीत बसवत नाही.

गेल्या सप्टेंबरात एका शुक्रवारी तिचा फोन आला.

"अरे, हिवाळ्यात विमान आहे ना? शेजारच्या पेनरांचा पुतण्या घर विकत मागतोय. द्यायचं की नाही, या महिन्यात सांगायचंय त्याला."

"देऊन जाणार कुठे?"

"विनिपेगला, अजून कुठे? हॉस्पिटलजवळ एखादी खोली बघेन. पण विमान असेल तर मला हलायचं नाही. चाळीस वर्षांची बाग आहे माझी."

"उद्या बघून सांगतो," मी म्हटलं. "उद्या नवीन वेळापत्रक येईल."

"बघ हं. विमानातलं मला काही कळत नाही. तू म्हणशील ते."

दुसऱ्या दिवशी बघितलं. सव्वीस ऑक्टोबरपासून कार्डिनल लेक ते विनिपेग, उड्डाणं शून्य. एकही नाही, नाताळातसुद्धा नाही. मला ॲग्नेसचं इंजेक्शन आठवलं, हे खरं. पण त्याच क्षणी मला आमच्यातला सास्काटून शहरातला डॅरिल आठवला, हेही तितकंच खरं. डॅरिल साडेसहापासून बसलेला असतो. दहा मिनिटांत त्याच्या नजरेला पडलं असतं, आणि माझ्या गावाची बातमी त्या माणसाने दिली असती. सात वाजून बारा मिनिटांनी मी लिहून मोकळा झालो: 'नॉर्थ प्रेअरी कार्डिनल लेक सोडणार. शेवटचं उड्डाण पंचवीस ऑक्टोबर.'

मग काय, उत्तरांचा पाऊस. कुणी हळहळलं, कुणी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, कुणी तिथून उडालेल्या जुन्या विमानांचे फोटो टाकले. डॅरिलने लिहिलं, "म्हातारबुवा, तुमचा वशिला धावपट्टीतच आहे." मी एकेकाला उत्तर देत बसलो. बरं वाटत होतं. लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटत होतं.

नऊ वाजता फोन वाजला.

"मी को-ऑपच्या दुकानात रांगेत उभी होते," ॲग्नेस म्हणाली. "तिथल्या रेडिओवर ऐकलं."

"रेडिओवर?"

"इंटरनेटवर एका जाणकाराने लिहिलंय म्हणे. जाणकार म्हणजे तूच ना?"

"मी तुला फोन करणारच होतो."

"कधी? पावाच्या रांगेत सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या, त्याच्या आधी की नंतर?"

तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. शेवटी तिची पिशवी फाटली आणि बटाटे घरंगळले, म्हणून तिने ठेवला.

बुधवारी सगळी उड्डाणं परत दिसू लागली. कंपनीने जुनं छोटं विमान काढून मोठं घातलं होतं. असं करताना आधी जुन्या विमानाची उड्डाणं खोडतात आणि नव्याची तीनचार दिवसांनी भरतात. मधल्या दिवसांत वेळापत्रक रिकामं दिसतं, त्याला काही अर्थ नसतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी डॅरिलने अगदी हीच चूक केली होती तेव्हा मीच त्याची बिनपाण्याने केली होती. "रिकामं दिसलं की आठवडाभर हात आवरायचे," असं मीच त्याला सुनावलं होतं. त्याने आता तेच वाक्य शोधून जसंच्या तसं मला परत पाठवलं, खाली एकही शब्द न घालता.

मी चूक कबूल केली. ती कबुली सतरा जणांनी वाचली. रेडिओनेही हवामानानंतर एका ओळीत सांगितलं. पण तोवर गावाजवळच्या खाणीच्या कंपनीने सोमवारीच वर्षभरासाठी स्वतःचं भाड्याचं विमान ठरवून सही केली होती. त्यांना दोष काय द्यायचा? दीडशे कामगारांना पाळीवर आणायचं-न्यायचं असतं, ते माझ्या कबुलीजबाबाची वाट बघत बसणार होते थोडेच. आपल्या विमानातले निम्म्याहून जास्त प्रवासी खाणीचे असायचे.

मी मात्र ॲग्नेसला फोन करून छातीठोकपणे सांगितलं, "विमान आहे. मोठं आहे. घर देऊ नकोस."

"नक्की?"

"नक्की. या वेळी आधी तुला सांगतोय."

तिने पेनरांच्या पुतण्याला नाही म्हणून कळवलं. त्याने ख्रिसमसच्या आत तळ्यापलीकडे दुसरं घर घेतलं.

हिवाळाभर ते मोठं विमान यायचं आणि जायचं. मी खिडकीतून बघायचो. पन्नास जागा आणि उतरणारी माणसं आठ, नऊ, एकदा तर चार. त्या चारांत ॲग्नेस होती, एका हाताने कठडा धरून एकेक पायरी उतरणारी. माणसं मोजायची नाहीत असं मी दर वेळी ठरवायचो आणि दर वेळी मोजायचो.

फेब्रुवारीत कंपनीने स्वतःच जाहीर केलं. सप्टेंबरपासून प्रवासी निम्म्याहून खाली गेले, एप्रिलअखेर सेवा बंद. ही बातमी मी कुठेही टाकली नाही. माझ्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. दुसऱ्याच कुणीतरी टाकली, आणि तासाभरात डॅरिलने माझी सप्टेंबरची जुनी बातमी तारीख-वेळेसकट खणून काढली. "पाच महिने आधी! कंपनीला कळायच्या आधी आमच्या फ्रीसनबुवांना कळलं होतं. मी त्यांची टिंगल केली, माझे शब्द मागे घेतो."

मी लिहिलं की मला काहीही कळलं नव्हतं. माझ्या बातमीमुळे खाणीची माणसं गेली आणि ती गेली म्हणून विमान गेलं. सगळं क्रमाने लिहिलं, आडपडदा न ठेवता.

"उगाच नम्रपणा नको," डॅरिलने उत्तर दिलं. त्याखाली एकसष्ट जणांनी पसंतीचे अंगठे दिले. वर्षाच्या यादीत माझं नाव पहिलं घालायचं असा ठरावही झाला. मी कॉम्प्युटर बंद केला.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी मी ॲग्नेसला विनिपेगला पोचवायला निघालो. घराला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, तसंच कुलूप घातलं. तिने सॉसेज आणि बन बांधून घेतले होते. मागच्या सीटवर दोन बॅगा, तिचं शिवणाचं मशीन आणि बागेतल्या पिऑनीच्या फुलझाडांच्या मुळांचं एक पोतं होतं. खोलीला बाल्कनीही नव्हती, तरी तिने ते पोतं घेतलं.

पहिले दोन तास ती झाडं बघत होती. मग पेट्रोल भरायला थांबलो, तिला उतरवेना म्हणून मीच आतून चहा आणला. तिने कप दोन्ही हातांनी धरला.

"एक विचारू?"

"विचार."

"त्या शनिवारी आधी मला फोन का नाही केलास?"

खोटं बोलायचंसुद्धा त्राण नव्हतं. "डॅरिलने आधी टाकली असती."

"टाकली असती तर?"

"तर काही नाही."

तिने चहाचा घोट घेतला. चहा गरम होता, तिचे डोळे मिटले.

"फोन केला असतास ना," ती म्हणाली, "तर मी म्हटलं असतं, थांब रे जरा, घाई काय आहे? अजून महिना आहे हातात. आठवडाभर बघू. मला कुठे घाई होती?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने सीट मागे केली आणि कोट गळ्यापर्यंत ओढून घेतला. मी गाडी सुरू केली. अजून साडेसहा तास होते.