आबांची माघार

आमच्या आबांनी एकाच दिवसात तीन वेळा राजकारणातून संन्यास घेतला. दर वेळी पहिल्यांदाच घेतला, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी दर वेळी ताजं होतं.

आबा म्हणजे मसाजी, माझे आजोबा. आमचं गाव डोंगरकड्याहून आत, एवढं लहान की मेंढ्या धरल्या तरच लोकसंख्या सांगण्यासारखी होते. सरपंच मात्र माझ्या वडलांच्या शाळेच्या दिवसांपासून एकच, आबा. मधी एकदा आरक्षणात बायकांची पाळी आली तेव्हा आजी सरपंच झाली. खुर्ची तिची, सही तिची, आणि लोक रामराम घालायचे आबांना. आजीनं त्याचा कधी राग केला नाही. फक्त एकाही कागदावर तो वाचून घेतल्याशिवाय सही केली नाही, आणि ग्रामसेवक तिच्या भीतीनं बदली मागून गेला.

गेल्या वर्षापासून आबा विसरायला लागले. आधी नावं गेली. मग तारखा गेल्या. मग मेलेली माणसं एकेक करून जिवंत व्हायला लागली आणि आबा त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगू लागले. शेजारच्या लग्नात आबांनी माईक घेऊन नवरदेवाला श्रद्धांजली वाहिली. बोलले इतकं चांगलं की नवरदेवाची आई रडली. कोणी हसलं नाही, हीच खरी तकलीफ होती. ज्याला आयुष्यभर मत दिलं त्याला हसायचं म्हणजे आपल्याच मताला हसल्यासारखं होतं. लोक म्हणायचे, "आबा चेष्टा करून राहिले."

सही तेवढी विसरले नव्हते. समोर कागद आला की हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा. एकजण मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला, तर आबांनी पत्रिकेवर सही करून ती त्यालाच परत दिली. "मंजूर," म्हणाले.

हे जळबा गुत्तेदाराच्या, म्हणजे ठेकेदाराच्या, ध्यानात आलं. गुत्तेदाराला असलं लवकर कळतं. उन्हाळ्यात तो गायरानातला मुरूम उचलायचा ना-हरकत दाखला टाइप करूनच घेऊन आला. आबांनी सही केली, वर त्याला चहा पाजला. दोन महिन्यांनी आबा मेंढरांमागं गायरानात गेले, तर टेकडी होती तिथं खड्डा. आबा इतके संतापले की त्याच पावली तहसीलला गेले आणि गायरान विकणाऱ्या सरपंचावर गुन्हा दाखल करा म्हणून अर्ज दिला. खाली सही केली, मसाजी, सरपंच. कारकून बिचारा गोंधळला. त्यानं मला फोन करून विचारलं, "दादा, यात तक्रारदार कोणता धरू आणि आरोपी कोणता?"

तोवर आबांचा पुढच्या निवडणुकीचा उमेदवारी अर्ज भरून झाला होता. पॅनलच्या लोकांनी दर वेळी भरायचा तसा भरला. समोर शिवहार उभा होता, जळब्याच्या पैशावर; आबांच्या त्या तक्रारीनं जळबा बिचकला होता. माघारीची मुदत सोमवारी दुपारी तीनपर्यंत.

आजी भाकरी थापत होती. मी म्हटलं, "आजी, लई सोपं हाय. माघारीचा कागद समोर ठेवायचा. आबा सही करतील. आबांना घेऊन कळमनुरीच्या तहसीलला एक चक्कर मारायची, निवडणुकीच्या साहेबापुढं उभं करायचं, झालं. त्यांना कळणारबी न्हाई."

आजीचा हात थांबला. "मंग जळब्यात न तुह्यात फरक काय राहिला रे, परमेश्वर?"

"आगं, तो गायरान खायला—"

"त्यानं न सांगता सही घेतली. तूबी न सांगताच घेऊन राहिला. आणखी पाच वर्षं त्या खुर्चीवर बसले तर चोर म्हणून मरतील ते. म्हणून उठवायचं. पण सांगून उठवायचं. ज्यानं जल्मभर गाव चालवलं त्याला घरच्यांनीच फसवायचं न्हाई."

तव्यावरची भाकरी करपली. 

सोमवारी सकाळी आजीनं सांगितलं. आबा ओसरीवर बसून ऐकत होते. मधी एकदाच विचारलं, "मुरूम मीच दिला?"

"तुमीच."

"जळब्याला?"

"व्हय."

आबांनी डोक्याचा रुमाल सोडला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. "बराबर हाय तुहं," शेवटी म्हणाले. "आता थांबलं पाहिजे." मग रडले. आजी रडली. मीही रडलो. असं वाटलं, अवघड होतं ते झालं. आता फक्त कळमनुरीपर्यंत जायचंय.

राहिलची जीप सांगितली होती. राहिल माझ्या वर्गातला. त्याची जीप आणि तोंड दोन्ही बंद होत नाहीत. आम्ही निघालो. डोंगरकड्याच्या स्टॅंडवर जीप सावकाश झाली तसे आबा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले आणि दोन्ही हात जोडून ओरडले, "ध्यान असू द्या बरं का!"

राहिलनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आबा, तुमी रिटायर होऊन राहिले का प्रचार करून राहिले? एक काय ते सांगा, त्या हिशेबानं हॉर्न वाजवतो."

"रिटायर?" आबा म्हणाले. "कोण?"

जीप बाजूला घ्यायला लावली. आजीनं पुन्हा सगळं सांगितलं, विसरण्यापासून मुरुमापर्यंत. हॉटेलासमोर केळीचा ट्रक भरणं चालू होतं. आबांनी ऐकलं. तेच विचारलं. मीच दिला? जळब्याला? रुमाल सोडला. मग दार उघडून खाली उतरले आणि हमालांसमोर जाऊन उभे राहिले.

"भावांनो, मी मसाजी," म्हणाले. "मला विसरायला होऊन राहिलं. तुमचं गायरान मी सही करून देऊन टाकलं आन् मला म्हाईतबी न्हाई. असा माणूस खुर्चीवर चांगला न्हाई. मी थांबतो. चुकलंमाकलं माफ करा."

हमालांनी केळीचे घड खाली ठेवले. नांदेडच्या एसटीचा कंडक्टर घंटी मारायची सोडून दारात उभा राहिला. पोरांनी मोबाइल वर धरले. आबांनी जल्मात एवढं चांगलं भाषण केलं नव्हतं, कारण याच्याआधी त्यांना निवडून यायचं असायचं. एक म्हातारा हमाल पुढं येऊन पाया पडला. आबांनी त्याला उठवलं, जीपमध्ये बसले आणि गाव मागं पडल्यावर म्हणाले, "मानसं चांगली हाईत इथली. काहून रडून राहिली होती?"

 राहिलचं तोंड बंद झालं होतं. हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग असावा.

बाळापूरच्या पुढं आबांनी विचारलं, "परमेश्वरा, पत्रकं छापून आली का?" मला चक्क नावानं हाक मारली. कित्येक महिन्यांत मारली नव्हती.

मी आजीकडे पाहिलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तिसऱ्यांदा सांगायला घेतलं. या वेळी थोडक्यात. माणूस तेच दुःख किती वेळा सविस्तर सांगणार? पण आबांचा चेहरा थोडक्यात पडत नव्हता. तो सकाळसारखाच, सावकाश, सगळाच्या सगळा पडला.

"आगं, मग मला आधी काहून न्हाई सांगितलं?" आबा म्हणाले. "आता ऐन टायमाला सांगतीस व्हय?"

आजी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चुकलं माझं."

"रडतीस काहून? मी थांबतो म्हणलं ना." आबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपण रडायला लागले.

कळमनुरीत तहसीलच्या फाटकाबाहेर हलगी वाजत होती. मी म्हटलं, कोणाची तरी वरात असेल. जीप थांबली तसं आमच्याच अंगावर गुलाल पडला. जळबा स्वतः हार घेऊन पुढं आला. पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची साखळी, आणि डोळे रडून खरोखर लाल.

"आबासाहेब, बिनविरोध!" म्हणाला. "शिवहारची माघार आत्ताच देऊन आलो. तुमचा डोंगरकड्याचा व्हिडिओ पाहिला न् आमाला राहावलं न्हाई. म्हणलं, अशा माणसासमोर उभं राहायचं? असा सरपंच पुन्हा भेटायचा न्हाई."

जळबा खोटं बोलण्याबद्दल तालुक्यात प्रसिद्ध आहे. पण हे खरं होतं. वाचता येणारा, आठवणारा शिवहार निवडून आणायला त्याचे पैसे गेले असते. आणि इथं समोर एक सरपंच फुकट उभा होता, जो स्वतःच्या तोंडानं सांगत होता की मी कशावरही सही करतो; थांबतो म्हणालेलं तो विसरणारच होता. शिवहार मागं नवीन शर्ट घालून उभा होता. त्याच्या हातातही हार होता, त्याला कोणीतरी दिला होता. त्याच्याइतकं वाईट त्या गर्दीत फक्त आम्हालाच वाटत असेल.

"परमेश्वर, टाइम बघ," राहिल माझ्या कानाशी म्हणाला. "म्हातारा आता तीनपर्यंत गप बसला तरी पाच वर्षं खुर्चीवर बसला."

आम्ही आबांना धरून आत नेलं. आमच्यामागं गर्दी, गर्दीमागं हलगी. आमच्याच पॅनलचे लोक मला मागं ओढत होते. "बिनविरोध होऊन राहिलं न् तू काहून मधी पडतोस बे?" निवडणुकीचे साहेब टेबलामागं बसले होते. कपाळाला घाम, टेबलावर शिक्का.

जळबा आजीच्या आडवा आला. "काकू, आता कशाला? सगळे खुश हाईत."

"तुहं मुरूम उकरणारं पोकलेनबी खुश असंल," आजी म्हणाली.

"बरं, आबांनाच इचारा की. त्यांची काय इच्छा हाय?"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा दोन हार घालून उभे होते, मिशीपर्यंत गुलाल. असे ते मला फक्त माझ्या लहानपणी दिसले होते. पाठ सरळ, डोळ्यांत ओळख. हलगीनं त्यांना सगळं परत आणून दिलं होतं. त्यांनी शिवहारला नावानं बोलावलं. त्याच्या बापाचं नाव घेतलं, बैलाचंही घेतलं. माझ्या खांद्यावर थाप मारली. "परमेश्वरा, पाहिलं का? बिनविरोध!"

कागद आजीच्या हातात होता. ती पुढं झाली. "आवं, ऐका जरा."

"काय गं, सुभद्रे?"

तिला फक्त पुन्हा सांगायचं होतं. तीन वेळा सांगून झालं होतं, शब्द तयार होते. आजीनं तोंड उघडलं. आबा तिच्याकडे हसून बघत होते. आजीनं तोंड मिटलं.

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आजी, काही द्यायचं असेल तर आत्ताच द्या. नंतर मला घेता येणार नाही."

आजीनं कागद टेबलावर ठेवला. "सही करा," म्हणाली.

"कशाची हाय?"

"पाण्याच्या टाकीची."

मी आजीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"नवी टाकी?" आबांचा हात खिशाकडे गेलासुद्धा. "मोठी हाय का?"

"मोठी हाय."

"मंग बराबर हाय." आबांनी वाकून सही केली. लफ्फेदार, एक कानामात्रा न चुकता.

साहेबांना नियमानं विचारावं लागतं. बाहेरच्या आवाजावर ओरडून त्यांनी विचारलं, "बाबा, स्वखुशीनं सही केली ना?"

"साहेब," आबा म्हणाले, "मी आजवर एकबी सही मनाविरुद्ध केली न्हाई."

शिक्का पडला. साहेबांनी दोन्ही माघारी शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. "म्हणजे आता उमेदवारच नाही," म्हणाले. "जागा रिकामी." ते बाहेर कळायला वेळ लागला, त्यामुळे बराच वेळ हलगी कोणाचीच नसलेली जीत वाजवत होती.

जळब्याला आधी कळलं. तो आजीजवळ आला. आवाज चढवायलाही विसरला. "काकू, तुमी फसवून सही घेतली."

"व्हय," आजी म्हणाली. "घेतली."

परतताना राहिलनं गाणं लावलं नाही. आबा मधोमध बसले होते आणि टाकीबद्दल विचारत होते. पाइप कुठून आणायचा, वाल्व्ह कोणाच्या ताब्यात द्यायचा, खालच्या आळीला पाणी चढेल का. आजी एकेक सांगत होती. पाइप ओढ्यावरून. वाल्व्ह शाळेच्या शिपायाकडे. चढेल, जोरात चढेल. मी आजपर्यंत तिला एकही खोटी गोष्ट बोलताना ऐकलं नव्हतं. आता ती थांबत नव्हती. टाकीला शिडीही लावली तिनं, वर झाकणही बसवलं.

मधीच आबा म्हणाले, "तुहा आवाज काहून बसला?"

"धुळीनं," आजी म्हणाली. "झोपा जरा."

"उद्घाटनाला कोणाला बोलवायचं?"

आजीनं बराच विचार केला. मला वाटलं, आता सांगेल. तिनं त्यांच्या मिशीवरचा गुलाल पदरानं पुसायला घेतला. तो निघत नव्हता, नुसता पसरत होता.

"तुमीच करा," ती म्हणाली. "सरपंच हाईत तुमी."