मंजुळेबरोबर पुण्याला

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे, मित्रांनो. पोट लाल तांब्याचं, गळा आणि झाकण पितळेचं. झाकण फिरवून घट्ट बसवलं, की गाडी कितीही हिंदकळली तरी थेंब सांडत नाही. प्रवासाला निघालेल्या माणसांचं पाणी सांभाळायचं, हे माझं काम.

पुण्याच्या तांबट आळीत ठोके खात खात मी गोल झालो. तिथून पोत्यात बांधून मला बीडकडच्या एका जत्रेत नेलं. मंजुळेच्या वडिलांनी मला विकत घेतलं आणि लेक संसाराला निघाली तेव्हा तिच्या हातात दिलं.

तिचा नवरा ज्योतीराम पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्यात कामाला लागला होता. चिंचवड गावात सारजाबाईंच्या घरी एक खोली घेऊन दोघं राहू लागले. मंजुळेला प्रश्न विचारायची भारी हौस. भोंगा कोण वाजवतं? औषध शिजवतात की दळतात? पण ज्योतीराम पाळीवरून यायचा तो थकून, भिंतीला टेकून गप्प बसायचा. पाणवठ्यावरच्या बाया तिच्या बोलण्याला हसायच्या. हळूहळू तिनं विचारणंच सोडलं.

एके दिवशी ती सारजाबाईंना म्हणाली, "दिवाळीला भाऊ न्यायला येईल. गेले की मी परत येणार न्हाई."

सारजाबाईंनी ते ज्योतीरामच्या कानावर घातलं. तो हादरला. बायकोचं मन रमावं म्हणून रविवारी तिला पुणं दाखवायचं त्यानं ठरवलं. मला पवनेच्या पाण्यानं भरलं आणि आम्ही सकाळच्या आगगाडीनं निघालो. मलाही उत्सुकता होती. जन्मगाव असलं तरी मी पुणं पाहिलं कुठं होतं?

पण ज्योतीरामला एका दिवसात सगळं पुणं उरकायचं होतं. पर्वती झाली, तळ्यातला गणपती झाला. पेशवे पार्कात हत्ती सोंडेनं गवताची पेंढी झटकून तोंडात घालत होता. "अहो, झटकतो कशाला तो?" मंजुळेनं विचारलं. "नंतर सांगतो, चल, शनिवारवाडा राहिलाय," म्हणत त्यानं तिला पुढं ओढलं. तुळशीबागेत तिच्या चपलेचा अंगठा तुटला.

"पुणं दाखवायलाव का पळवायलाव?" ती म्हणाली आणि तुटकी चप्पल हातात घेऊन स्टेशनाकडं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम ओसरीत डोकं धरून बसला होता. सारजाबाई म्हणाल्या, "आरं, एवढं फिरवलंस, पर तिला काय बघायचंय ते इचारलंस का?"

त्यानं विचारलं. मंजुळा मला हातात धरून म्हणाली, "ह्यो कसा करतात ते बघायचंय. बाकी काही न्हाई."

मित्रांनो, माझ्यासाठी कुणी पुण्याला जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं!

पुढच्या रविवारी आम्ही आवाजाच्या रोखानं तांबट आळीत शिरलो. घराघरातून ठणठण चालली होती. एका उंबऱ्यावर विमलबाई नावाच्या तांबटीणबाई चिंचेनं हंडे उजळत होत्या. मंजुळेनं मला पुढं केलं. "ह्यो इथला का?"

विमलबाईंनी मला उलटंसुलटं केलं. "आमच्याच आळीतला दिसतोय. कुणाच्या हातचा ते मात्र नाही सांगता यायचं. बस ना."

मंजुळा बसली आणि तिचे साठलेले प्रश्न सुटले. पत्रा फाटत कसा नाही? तापवतात कशाला? शेवटी ती ओरडून म्हणाली, "एवढ्या दणदणाटात तुमी झोपता तरी कशा?"

"अगं, आवाज थांबला की जाग येते!" विमलबाई म्हणाल्या.

ज्योतीराम खो खो हसला. मग म्हणाला, "आमच्या कारखान्यात पहिल्या दिवशी भोंगा झाला, तर मी भिंतीमागं लपलो होतो. आठवडाभर वाटायचं, गावाकडं पळून जावं."

मंजुळा त्याच्याकडं वळली. "तुमाला बी? मग मला का न्हाई सांगितलं?"

"तू घाबरशील म्हणून."

त्या दिवशी आम्ही दुसरं काही पाहिलं नाही. नदीकाठी घाटावर दोघांनी भाकरी खाल्ली. ती विचारत होती, तो सांगत होता, आणि ठाऊक नसेल तिथं "मलाबी न्हाई म्हाईत" म्हणत होता.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. ज्योतीरामचा चेहरा उतरला. चिंचवड आलं तेव्हा ती म्हणाली, "त्या हत्तीला नीट बघायचं राहिलंय. दिवाळीला माहेरी जाऊन आले की जाऊ."

त्यानं मला असं घट्ट धरलं, की माझ्या गळ्याला पीळ पडतो की काय असं वाटलं.

नंतर कितीतरी रविवार आम्ही फिरलो. मग जुन्या बाजारातून खाकी पट्ट्याची लष्करी बाटली घरी आली. हलकी, खांद्याला अडकवायची. मी फळीवर गेलो. माझा रंग काळवंडला.

त्या बाटलीवर माझा राग नाही, मित्रांनो. पण ती चालता चालता तोंडाला लावता येते. माझं झाकण उघडायला दोन्ही हात लागतात. पिशवी खाली ठेवावी लागते, सावली शोधून टेकावं लागतं. म्हणून सुट्टीत शहर पाहायला निघालात, तर फळीवरच्या माझ्यासारख्याला चिंच लावून घासा, पाणी भरा आणि सोबत न्या. वाटेत तहान लागो न लागो, एकदा तरी मला उघडायला बसा.