गल्लीतली सतरा मतं

"मला सतराच?" दाक्षायणीनं पुन्हा विचारलं. "आपल्या गल्लीच्या मशीनमध्ये?"

"व्हय. मी टेबलापाशीच उभारलो होतो की," मतमोजणीच्या मांडवातून बाहेर येत तिचा नवरा नंदीश म्हणाला. "मृत्युंजयशेट आले निवडून. चल घरी."

महापालिकेला ती अपक्ष उभी राहिली होती ती पाण्यासाठी. चार दिवसांआड येणारं, तेही अवेळी. प्रचारात शुक्रवार पेठेतल्या तिच्या गल्लीनं दारोदार तिला ओवाळलं होतं, तोंडात साखर घातली होती. आता त्याच गल्लीतून चालताना ती एकेक दार निरखत होती. पापड वाळत घालणारी शिवबाई हसली. हिनं दगा दिला? किराणावाल्यानं मान खाली घातली. यानं तर नक्कीच.

शेजारच्या श्रीदेवीच्या दाराशी तिचे पाय थांबले. दोघी कित्येक वर्षं एकाच चुलीवर कडक भाकरी भाजून विकायच्या. पण दाक्षायणीनं अर्ज भरला त्या संध्याकाळी मृत्युंजयशेटची माणसं श्रीदेवीच्या घरात दार लावून बसली होती, आणि त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती.

"श्रीदेवी, खरं सांग. बटण कुणाचं दाबलंस?"

भांडी घासणारे हात थांबले. "तू मला इचारतीस, अक्का?"

"ती माणसं कशाला आलती?"

"तुझ्यासंगं फिरू नको म्हणाया. न्हाईतर सिद्धेश्वरला दुकानातनं काढतो म्हणाले."

सिद्धेश्वर तिचा मुलगा, मृत्युंजयशेटच्या कापडदुकानात कामाला. तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मी फिरलेच तुझ्यासंगं. आज त्यांनी काढलं त्याला."

दाक्षायणी उंबऱ्यातच बसली. "मला का बोलली न्हाईस?"

"तू माघार घेतली असतीस की."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं मला." श्रीदेवीनं पुन्हा भांड्यांत हात घातले.

संध्याकाळी हलगी वाजवत मिरवणूक आली. मृत्युंजयशेटनं जीपमधून हात जोडले, दाक्षायणीनंही जोडले. पोरांनी मुद्दाम दोन्ही घरांच्या दारांत गुलाल उधळला.

आवाज लांब गेल्यावर दाक्षायणीनं झाडू घेतला. स्वतःचा उंबरा तसाच ठेवून ती आधी श्रीदेवीचा झाडायला लागली. दार उघडलं.

"राहू दे," श्रीदेवी म्हणाली. "माझं मी झाडते."