मुका खांब

बेळगावच्या महिला उद्योगवर्गात क्रोशाची लेस शिकायला चौदा जणी येत, आणि कोणाचा हात कितपत बसला आहे हे त्यांच्या बसण्याच्या जागेवरून बरोबर उलटे ओळखता येई. पुढे सतरंजीवर वकील-मामलेदारांच्या बायका. त्यांची साखळी चार महिन्यांनंतरही साखळीच होती. मागे उघड्या फरशीवर शहापूरच्या कोष्ट्यांच्या लेकी. त्यांतली अंजनी तर गप्पा मारता मारता, खाली न पाहता, कमळाची पाकळी विणी. हजेरीपटात मात्र सतरंजी 'प्रवीण' होती आणि फरशी 'नवशिकी'. ही वर्गवारी वर्ग चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंची, म्हणजे वकिलांच्या शालूबाईंची. प्रवीणांत पहिले नावही त्यांचेच.

चंद्राबाई मास्तरीण हे सारे गिळीत. त्यांची हंगामी नेमणूक या वर्षी कायम व्हायची होती. न झाली तर विधवेने दिराच्या चुलीपाशी परतायचे, आणि तिथे काय वाढून ठेवले आहे ते त्यांना पाठ होते. म्हणून शालूबाईंनी 'मुका खांब' या टाक्याच्या नावाला हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी फार ताणले नाही.

"आखूड टाका आहे तो, म्हणून मुका. पुस्तकात तसंच दिलंय."

"असेल. कुलीन बायकांच्या तोंडी 'मुका' शोभतो का? मौन खांब म्हणा."

मागून अंजनी कुजबुजली, "खांबाचा मुका कोन घेतंय गं आक्का?" फरशी खिदळली, सतरंजीने पदर सावरले.

पुढच्याच आठवड्यात धारवाडहून तपासनीसबाई आल्या. घरची भाषा कानडी. मराठी त्यांनी नेमलेल्या पुस्तकातून मोठ्या कष्टाने कमावलेली. प्रवीणांपासून सुरुवात करावी म्हणून त्या शालूबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे करून गंभीरपणे म्हणाल्या,

"आपण मला दहा मुके द्यावे."

शालूबाईंच्या हातून सुई गळली. "आमच्या वर्गात असलं काही शिकवीत नाहीत!"

"साखळीनंतरचा पहिला टाकाच शिकवीत नाहीत?" तपासनीसबाईंची पेन्सिल वहीवर टेकली. त्यांनी चंद्राबाईंकडे पाहिले. शिकवला म्हणावे तर अध्यक्षीणबाई खोट्या ठरत. नाही म्हणावे तर मास्तरीण नालायक. चंद्राबाईंना दिराची चूल दिसू लागली.

"म्या देतो की!" अंजनी उठली. बोलता बोलता दहा खांब घालून तिने पट्टी पुढे केली. "मोजून घ्या, बाईसाहेब. बाईंनी शिकवलंया. नाव तेवढं घ्यायचं न्हाय, वकिलीणबाईंस्नी लाज वाटती."

"हे खरे?"

चंद्राबाईंनी शालूबाईंकडे पाहायचे टाळले. "खरं. टाका मी शिकवला. नाव बदलू नये, हे म्हणायचं धैर्य मला झालं नाही."

अहवाल आला: नवशिक्यांचे काम उत्तम, प्रवीणांनी त्यांच्याकडून शिकावे, शिक्षिकेस कायम करावे. सरकारी अनुदानापुढे मंडळाचे काही चालेना. शालूबाईंनी सही केली आणि त्याच बैठकीत दुसरा ठराव मांडला: लेसच्या वर्गात भाषा बिघडते, सबब तो बंद. चंद्राबाई कायम झाल्या, पापडाच्या वर्गावर.

पहिल्या दिवशी मागची फरशी रिकामी होती. कोष्ट्यांच्या लेकींना पापड कोणी शिकवायला नको होते. शालूबाईंनी सतरंजीवरून खात्री करून घेतली, "यात काही वावगं नाव नाही ना?"

"नाही," चंद्राबाई म्हणाल्या. आता त्या कायम होत्या. "पण पापड स्वतः लाटावा लागतो."