उंबऱ्यावर झटकलेला शर्ट

मी एक जुना शर्ट आहे, आणि मी आयुष्यात कुणालाही इजा केलेली नाही. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे.

मित्रांनो, मला शिवलं गल्लीतल्या शिंपीणकाकूंनी. कापड जाड, निळं, खिसे दोन. "दहा वर्षं बघायला नको," त्या म्हणाल्या होत्या. दुर्दैवाने त्यांची शिवण त्यांच्या शब्दासारखीच पक्की निघाली.

माझा माणूस जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. दिवसभर भट्टीपुढे तो आणि त्याच्या अंगावर मी. तिथली धूळ पिठाहून बारीक. माझा निळा रंग जरा राखाडी दिसे, इतकंच.

माणूस मोठा टापटिपीचा. घाण घरात नको म्हणून रोज संध्याकाळी तो मला दाराबाहेरच अंगातून काढायचा आणि तीनदा फाडफाड झटकायचा. त्याची तीन वर्षांची लेक उंबऱ्यावर डब्यांच्या झाकणांचा संसार मांडून बसलेली असायची. सतत गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. मला खुंटीवर टांगलं की ती माझी बाही गालाला लावून अंगठा चोखत उभी राहायची. "बाबांचा वास," म्हणायची.

मग गल्लीतली मुलं पेंगुळल्यासारखी दिसू लागली. पोटं दुखू लागली. दवाखान्यातल्या नर्सताईंनी सगळ्यांचं रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं.

शिंपीणकाकूंनी पदर खोचला आणि बायकांची समिती केली. जुन्या रंगातही शिसं असतं, म्हणून दारांचा सुटलेला रंग ओला करून काढला. झाडू बाजूला ठेवून फरशा ओल्या फडक्याने पुसल्या. मुलांचे हात जेवणाआधी साबणाने धुतले. आणि भिंगरीच्या दारावर 'आदर्श घर' अशी पाटी ठोकली.

"शिका जरा!" काकू इतर नवऱ्यांना म्हणाल्या. "हा माणूस धुळीचा कण आत येऊ देत नाही."

मी खुंटीवरून ऐकत होतो. मला तोंड नाही, एवढंच माझं समर्थन.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. सगळ्या मुलांचे आकडे उतरले. भिंगरीचा चढला. आता ती फिरत नसे. झाकणांकडे बघत बसून राही. हाक मारली की उशिरा वळे. कधी वळतच नसे.

नर्सताई आणि काकू एक अख्खा दिवस त्या घरात बसल्या. भांडी तपासली, पाणी तपासलं. काही सापडेना. संध्याकाळी माणूस आला. त्याने मला काढलं आणि झटकलं. ऊन तिरपं होतं. त्या उजेडात धूळ तरंगताना दिसली. मग ती सावकाश, अगदी घाई न करता, भिंगरीच्या केसांवर उतरली. तिने बोटं तोंडात घातली.

"दादा, हे रोज करता?" नर्सताईंनी विचारलं.

"रोज," तो अभिमानाने म्हणाला. "एक दिवस चुकत नाही."

"अहो भाऊजी..." काकूंनी भिंगरीची बोटं तोंडातून काढली.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. पुढचे आठ दिवस त्याने लेकीला उचललं नाही. ती मात्र हात वर करून उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी काकू बायकांना घेऊन कारखान्याच्या फाटकात उभ्या. कामगारांना अंघोळ करून कपडे बदलायला खोली हवी, पाणी हवं.

"कपडे बदलायला खोली?" मालक हसला. "ही काय नाटक कंपनी आहे?"

"बरं. मग तुमची नात पाठवा आमच्या उंबऱ्यावर खेळायला," काकू म्हणाल्या. "ती आली, की आम्ही चाललो घरी."

नात आली नाही, बायका फाटकातून हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी खोली बांधायला घेतली. महिन्याभरात मालकाने फीत कापली, फोटो काढला.

मित्रांनो, मी आता त्या खोलीशेजारच्या कोठारात, एका जाड पिशवीत बंद आहे. धूळ अजून माझ्या शिवणीत आहे, आणि बाहीवर एका लहान गालाइतकी जागा गुळगुळीत झाली आहे. तुमचे बाबा असल्या कामावरून आले, तर त्यांना आधी अंघोळ करू द्या, मग बिलगा. आणि माझ्यासारख्याला घरी आणूच नका.

भिंगरीचा आकडा उतरला, पण अर्ध्यावर येऊन थांबला. नर्सताईंनी घर पुन्हा धुंडाळलं, काही निघालं नाही. मग त्या कारखान्यात येऊन खोली बघून गेल्या.

खोलीतल्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं.