मासा भिंतीवर, मी ओव्हनशेजारी

मी थर्मोस्टॅट बोलतोय. अमेरिकेच्या गारठलेल्या उत्तरेतल्या डुलुथ गावात राहणाऱ्या व्हर्लिन सुंडक्विस्टच्या घरातला. मी बोलतोय म्हणून दचकू नका. या घरात मनातलं बोलायची सवय दुसऱ्या कुणालाच नाही. इथली माणसं पाय मोडला तरी "तसं फार काही नाही" म्हणतात.

जन्माने मी कारखान्यातला. तळहाताएवढा गोल देह आणि पोटात धातूची गुंडाळी. हवा गार झाली की ती गुंडाळी आक्रसते आणि मी घर तापवणाऱ्या तळघरातल्या भट्टीला "ऊठ" म्हणतो. ऊब आली की "झोप" म्हणतो. एवढंच माझं काम. अक्कल लागते ती मला भिंतीवर लावणाऱ्याला, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

मला लावायला ऑरिन आला. व्हर्लिनचा शाळेपासूनचा मित्र, तीस वर्षं भट्ट्याच दुरुस्त करणारा. त्याने घरभर फिरून बैठकीची आतली भिंत निवडली. "इथे लावू. छातीच्या उंचीवर. ऊन नाही, दार नाही, चूल नाही. तुम्ही जिथे बसता तिथली हवा याला कळली पाहिजे."

"तिथे मासा आहे," व्हर्लिन म्हणाला.

होता खरा. बर्फाला भोक पाडून व्हर्लिनने पकडलेला, भुसा भरून फळीवर ठोकलेला, आ वासलेला मासा.

"अरे, हातभर सरकव की त्याला."

"मधोमध आहे तो. तिथेच शोभतो."

"बरं बाबा, घर तुझं," ऑरिन म्हणाला. याहून मोठी शिवी इथे कुणी देत नाही.

तर मेलेल्या माशाचा मान राखून मला स्वयंपाकघराच्या दारालगत ठोकलं. डावीकडे ओव्हन, खाली कॉफीचं यंत्र. वा रे हुशारी! सकाळी कॉफी उकळली की वाफ थेट माझ्या तोंडावर. मला वाटायचं, आला उन्हाळा, आणि मी भट्टीला झोपवून टाकायचो. मी खोटं बोलत नव्हतो हो. माझ्या वीतभर भिंतीवर खरोखरच उन्हाळा असायचा.

त्याच साली व्हर्लिनची आई आर्डिस इथे राहायला आली. वय चौऱ्याऐंशी. नवरा गेला, शेतावरचं घर सुटलं. तिला मागची, उत्तरेकडची खोली मिळाली. "तिथून सरोवर दिसतं," व्हर्लिन कौतुकाने सांगायचा. दिसायचं तर. सरोवरावरचा वाराही तिथूनच घरात शिरायचा.

आता इथली रीत ऐका. कॉफी हवी का विचारलं की पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "उगाच त्रास कशाला" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, अर्धा कप". पहिल्याच फटक्यात हो म्हणेल तो हावरट. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

व्हर्लिन रोज सकाळी विचारायचा, "आई, गारठा नाही ना वाटत?"

"छे रे, बरं आहे."

"नक्की ना?"

"माझी काळजी नको करूस."

तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली की हा पठ्ठ्या मान वळवून माझ्याकडे बघायचा. माझा काटा बहात्तरावर. इथल्या मापाने बहात्तर म्हणजे नुसत्या सदऱ्यावर बसावं अशी ऊब. "बहात्तर!" असं समाधानाने म्हणून स्वारी कामाला निघायची. आईचं सुखदुःख भिंतीला विचारणारा असा लेक लाखात एक!

नाश्त्याला यायची तेव्हा आर्डिसच्या अंगावर तीन स्वेटर असायचे आणि बोटं निळी पडलेली असायची. ओव्हनपाशी ती जरा रेंगाळायची. सून लवॉन म्हणायची, "आई, बसा ना इथेच." "नको गं, तुझ्या पायात पायात येईन," असं म्हणून म्हातारी परत मागे जायची. मला फार वाईट वाटायचं. पण काटा हलवण्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

नाताळाच्या आदल्या आठवड्यात लवॉनने लेफ्से करायला घेतले. उकडलेल्या बटाट्याच्या, कागदासारख्या पातळ पोळ्या. तवा सकाळपासून तापलेला, ओव्हनही पेटलेला. बाहेर शून्याखाली तीस. माझा काटा ऐंशीवर, लवॉनच्या बाह्या कोपरापर्यंत वर. भट्टी दिवसभर एकदाही उठली नाही. मीच उठू दिली नाही.

दुपारी तीनला लवॉन लोणी-साखर लावलेली गरम पोळी घेऊन सासूकडे गेली. आणि मागून हाक आली, "व्हर्लिन! इकडे ये. आत्ताच्या आत्ता!" या घरात मोठ्याने मारलेली हाक मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

व्हर्लिन धावला. खोलीचं दार उघडं राहिलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"हे बघ," लवॉनचा आवाज चिरकला होता. "आईंच्या कवळीच्या पेल्यात बर्फ झालाय. आणि या टोपी, कोट, हातमोजे घालून पांघरुणात बसल्यात."

"तसं फार काही नाही," आर्डिस म्हणत होती, पण शब्दाशब्दाला अडखळत होती.

"अगं आई, मी रोज विचारत होतो ना तुला!"



"दोनदा रे," म्हातारी म्हणाली. "दोनदाच विचारायचास."

दोघांनी तिला धरून तव्यापाशी आणून बसवलं. ओठ जांभळे, अंगात थरथर. व्हर्लिन जमिनीवर बसून तिचे हात चोळत राहिला. "चुकलो गं," एवढंच म्हणत होता, आणि बाहीने डोळे पुसत होता. संध्याकाळच्या आत ऑरिन हत्यारांची पेटी घेऊन हजर झाला. त्याने माशाकडे नुसतं बोट दाखवलं. "खड्ड्यात जाऊ दे तो मासा," व्हर्लिन म्हणाला.

आता मी बैठकीच्या आतल्या भिंतीवर असतो. आर्डिसचा पलंग पुढच्या, उबदार खोलीत आलाय आणि दिवसा तिची खुर्ची माझ्याजवळ असते.

मायबाप हो, मला ऊन, चूल आणि वाऱ्यापासून दूर लावा, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. मला माझ्या भिंतीपलीकडचं काडीचं कळत नाही. कुणाची आई सुखात आहे की नाही, हे माझ्या काट्यावर ठरवू नका.

हल्ली व्हर्लिन रोज सकाळी आईसमोर स्टूल ओढून बसतो, माझ्याकडे चक्क पाठ करून, आणि तिचं उत्तर येईपर्यंत विचारत राहतो. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. कारखान्यातून निघाल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.